भरपूर उन्हाच्या शहरातील ठिसूळ हाडे

मानवी शरीरातील कॅल्शियमपैकी सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठवलेले असते, आणि उरलेला एक टक्का रक्तात व पेशींत राहून हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेशवहन अशी क्षणभरही थांबवता न येणारी कामे करतो. शरीराच्या दृष्टीने हा एक टक्का इतका मोलाचा आहे, की रक्तातील कॅल्शियम जरा उतरू लागले तरी गळ्यातील पॅराथायरॉइड या चार छोट्या ग्रंथी आपले संप्रेरक रक्तात सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याचा हुकूम सुटतो. आहारातून पुरेसे कॅल्शियम मिळत नसेल, किंवा मिळालेले आतड्यातून शोषले जात नसेल, तर ही उचल वर्षानुवर्षे चालू राहते. ती चालू असताना काही दुखत नाही, सूज येत नाही, ताप येत नाही, आणि म्हणूनच हाडांच्या झिजेची पहिली बातमी पुष्कळदा मोडलेल्या मनगटातून किंवा खुब्यातून कळते.

हाड ही जिवंत ऊती आहे. हाडातील एका प्रकारच्या पेशी, ज्यांना अस्थिभंजक पेशी म्हणतात, जुना भाग विरघळवून काढतात आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या अस्थिजनक पेशी त्या खळग्यात नवे हाड भरतात. पुण्याच्या कसबा पेठेतील एखाद्या जुन्या वाड्यात कुजलेली तुळई काढून तिथे नवी बसवण्याचे काम कधीच संपत नाही, तसेच हे. तिशीपर्यंत भरणी अधिक आणि तोड कमी असल्यामुळे हाडांचे वस्तुमान वाढत जाते, पुढे काही वर्षे दोन्ही बाजू सारख्या राहतात, आणि नंतर तोड पुढे जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे मासिक पाळी कायमची थांबल्यानंतर, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा लगाम सुटल्यामुळे पहिली काही वर्षे ही झीज विशेष वेगाने होते. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी, साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते, आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाणही आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी वाढू लागलेले दिसते.

झिजेच्या दोन प्रकारांत नेहमी गल्लत होते. हाडातील खनिज आणि त्याखालचा प्रथिनांचा सांगाडा असे दोन्ही एकत्र कमी होऊन हाड सच्छिद्र व ठिसूळ बनते तेव्हा त्याला अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा या क्ष-किरण चाचणीत तरुण निरोगी व्यक्तीच्या सरासरीशी तुलना करून जो आकडा येतो तो उणे अडीच किंवा त्याहून खाली असेल तर हे निदान करावे, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिली. दुसऱ्या प्रकारात प्रथिनांचा सांगाडा तयार होतो, परंतु त्यात खनिज नीट बसत नाही आणि हाड मऊ राहते. प्रौढांतील या विकाराला अस्थिमृदुता आणि वाढत्या मुलांतील विकाराला मुडदूस असे म्हणतात, आणि त्याचे मुख्य कारण ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव हे असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अस्थिमृदुता जीवनसत्त्वाने बरी होते, तर अस्थिसुषिरतेत जीवनसत्त्वाची मदत खरी असली तरी मर्यादित असते. एकाच वृद्ध स्त्रीमध्ये हे दोन्ही विकार एकत्र असू शकतात, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा तसे असतात.

‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध पहिल्या महायुद्धानंतरच्या चार-पाच वर्षांत लागला. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास घरात कोंडून ठेवलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना विशिष्ट आहार देऊन मुडदूस निर्माण केला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा करून दाखवला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरण सोडले, आणि एकाच हातावर किरण पाडले असताना दुसऱ्या हाताचे हाडही भरून आले, यावरून त्वचेत तयार झालेला काही पदार्थ रक्तावाटे सर्वत्र पोचतो हे उघड झाले. एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये तेलातील त्या द्रव्याला ‘ड’ हे अक्षर दिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे, पण त्याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक भागातील कुटुंबे पाहून असे नोंदवले, की खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, परंतु पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रिया आणि मुले यांच्यात हाडांचा हा विकार आढळतो, तर त्यांच्यापेक्षा कितीतरी निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण शेतात आणि रस्त्यावर उन्हात राबणाऱ्या स्त्रियांत तो क्वचित दिसतो. उन्हाने भाजून निघणाऱ्या देशातही उन्हाचा अभाव असू शकतो, आणि तो भूगोलामुळे येत नसून राहणीमुळे येतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच इथे नोंदली गेली होती.

ती राहणी आज कोणत्या रूपात आहे हे पाहण्यासाठी पुण्याची सर्वांत जुनी पेठ पुरेशी आहे. मुठेच्या उजव्या काठावरील कसबा पेठेत ग्रामदैवत कसबा गणपती, लाल महाल, तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा आणि साततोटी चौक एकमेकांना लागून आहेत. पेठेतील जुन्या वाड्याची रचना चौकाभोवती झालेली असे, आणि धुणी-भांडी, दळण-कांडण, निवडण-टिपण, उन्हाळ्यातील पापड-कुरडयांची वाळवणे ही बायकांची बहुतेक कामे त्या उघड्या चौकात किंवा गच्चीवर होत असल्यामुळे दुपारचे ऊन वेगळे शोधावे लागत नसे. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्यात कष्टही फार होते आणि विधवा व बाळंतिणी अंधाऱ्या खोल्यांत महिनेच्या महिने काढत असत. तरीही वाडे पाडून त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये चौक राहिला नाही, बोळ मात्र तेवढेच अरुंद राहिले, आणि खालच्या मजल्यांवर ऊन उतरते ते माथ्यावर सूर्य असताना अर्धा-पाऊण तास. त्या वेळी शाळकरी मुले वर्गात असतात, नोकरदार कार्यालयात असतात, शिंपी आणि तांबट आपापल्या छपराखाली कामाला बसलेले असतात, आणि घरातील वृद्ध माणसे ऊन बाधेल म्हणून पडदे ओढून पडलेली असतात.

त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पडले की त्याचे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात रूपांतर होते. पुढे यकृतात त्यावर एक प्रक्रिया होते आणि मूत्रपिंडात दुसरी, तेव्हा कुठे ते कामाला लागते. त्याचे मुख्य काम आतड्याला कॅल्शियम शोषायला लावणे हे आहे. ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी असेल तर आहारातील कॅल्शियमपैकी जेमतेम दहा ते पंधरा टक्के शोषले जाते, आणि ते पुरेसे असेल तर तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत. हे अतिनील-ब किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी बसून अंगावर घेतलेल्या उन्हाचा ऊब म्हणून उपयोग असला तरी हाडांना काही मिळत नाही. सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण वातावरणाच्या जाड थरातच अडतात. तान्ह्या बाळाला आणि आजोबांना सकाळचे कोवळे ऊन दाखवण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती मायेची आणि सोसवणारी असली, तरी त्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व फार थोडे तयार होते. यासाठी एक सोपा ठोकताळा सांगितला जातो, तो असा की अंगणात उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तेव्हाचे ऊन कामाचे. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली तेवढी आखडते, परंतु डिसेंबरच्या अखेरीस ती तशी असण्याची वेळ साधारण साडेअकरा ते दीड एवढीच असते. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य किरण अडवत असल्यामुळे गोऱ्या माणसाला पुरणारा वेळ आपल्याला पुरत नाही, आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत पुण्यावर ढगांचे छत असते, ही त्यात आणखी भर.

पुण्यातच झालेल्या एका अभ्यासाने उन्हाचा हा परिणाम जितक्या स्पष्टपणे दाखवला आहे, तितक्या स्पष्टपणे तो क्वचितच दिसतो. जहांगीर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच झोपडवस्तीतील दोन-तीन वर्षांच्या मुलांचे दोन गट पाहिले. एका गटातील मुले अशा पाळणाघरात जात होती, जिथे रोज बाहेर उन्हात खेळणे हा दिनक्रमाचाच भाग होता, तर दुसऱ्या गटातील मुले पाळणाघरात न जाता बहुतेक वेळ घरातच राहत होती. वस्ती तीच, गरिबी तीच, पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाची सरासरी पातळी लिटरला सुमारे ११४ नॅनोमोल आणि दुसऱ्या गटात सुमारे २९ नॅनोमोल निघाली, आणि मुडदुसाची लक्षणेही दुसऱ्या गटात ठळकपणे अधिक आढळली. ही पातळी पन्नासच्या वर असणे हाडांसाठी पुरेसे मानले जाते. औषध नाही, गोळी नाही, खास खुराक नाही, केवळ पाळणाघराच्या बाईंनी मुलांना अंगणात सोडले एवढ्याने पडलेला हा फरक आहे, आणि शहराचे आराखडे आखणाऱ्यांनी, शाळांची मैदाने वाहनतळासाठी देणाऱ्यांनी तो डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

‘ड’ जीवनसत्त्व कॅल्शियम शोषायला मदत करते, पण कॅल्शियम निर्माण करत नाही. हीच संस्था याबाबतही उपयोगी ठरते, कारण तिने केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात गरीब वस्तीतील छोट्या मुलांना वर्षभर धान्य-कडधान्यांचे लाडू खाऊ घातले गेले. दोन्ही गटांना ‘ड’ जीवनसत्त्व सारखेच देण्यात आले, परंतु एका गटाच्या लाडवात सुमारे ४०० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याच्या लाडवात सुमारे १५० मिलिग्रॅम कॅल्शियम होते, आणि अधिक कॅल्शियमचा लाडू खाणाऱ्या मुलांच्या हाडांतील खनिज अधिक वाढले. गोळ्या-पावडरींऐवजी मुलांच्या हातात लाडू देण्याची कल्पना मुळातच या मातीतली आहे, आणि बाळंतिणीला डिंकाचे व अळिवाचे लाडू देणाऱ्या घरांना ती नवी वाटणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि त्याआधीची शिफारस ६०० मिलिग्रॅमची होती. दोन कप चहापुरते दूध, आमटी-भात, पोळी-भाजी आणि कधीमधी ताक या आहारात ही बेरीज निम्म्यावरही जाणे कठीण असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच म्हशीच्या किंवा गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम असते, तर तिळात ते हजारांच्या घरात जाते. धान्याच्या कोंड्यातील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवून त्याचे शोषण रोखते, परंतु नाचणीला मोड आणले किंवा पीठ आंबवले की ते पुष्कळसे कमी होते. म्हणून नाचणीचे सत्त्व काढण्याची आपली जुनी रीत आणि आंबील यांना शास्त्राचाही आधार आहे.

अन्नातून ‘ड’ जीवनसत्त्व मात्र फारसे मिळत नाही. बांगडा, तारली असे तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक आणि उन्हात वाळवलेली अळंबी एवढेच त्याचे नैसर्गिक स्रोत म्हणता येतील, आणि गणेश पेठेतील मासळी बाजार हाकेच्या अंतरावर असला तरी कसब्यातील अनेक घरांच्या स्वयंपाकात मासे शिजत नाहीत. यावर उपाय म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांनुसार दूध आणि खाद्यतेल यांत ‘अ’ व ‘ड’ जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके ठरवली, आणि अशा पिशव्यांवर निळ्या रंगात ‘एफ’ अक्षर व अधिकचे चिन्ह असते. त्या मानकांनुसार एक लिटर दुधात २०० ते ३०० युनिट ‘ड’ असायला हवे. प्रौढाची दिवसाची गरज ६०० युनिटची धरली, तर एका पेल्यातून मिळणारी ४०-६० युनिट ही गरजेच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर येतात. योजना चांगली आहे, पण तिच्यावर विसंबून ऊन सोडून देता येणार नाही.

उरलेल्या जीवनसत्त्वांपैकी पुण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब-१२, आणि त्यावरील मोठे काम कसब्यापासून जवळच असलेल्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली झाले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खेडी, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन स्तरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ ची पातळी कमी निघाली, आणि सर्वांत अधिक कमतरता खेडेगावात किंवा झोपडवस्तीत नसून खाऊन-पिऊन सुखी अशा शहरी मध्यमवर्गात होती. ब-१२ वनस्पतींमध्ये नसते आणि ते दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळते, हे त्यामागचे प्रमुख कारण आहे. या कमतरतेमुळे रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साठते, आणि ते हाडातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची परस्परांशी होणारी घट्ट जोडणी बिघडवते, असे दिसून आले आहे. त्यामुळे घनता मोजणारे यंत्र समाधानकारक आकडा दाखवत असतानाही हाड ठिसूळ असू शकते. अमेरिका आणि नेदरलँड्समधील २००४ च्या मोठ्या अभ्यासांत रक्तातील होमोसिस्टीन अधिक असलेल्या वृद्धांची हाडे अधिक प्रमाणात मोडलेली आढळली.

तर मग ब-१२ आणि फॉलिक आम्ल दिल्याने हाडे मोडणे थांबते का? जपानमधील एका प्रयोगाने २००५ मध्ये अर्धांगवायू झालेल्या रुग्णांबाबत याचे उत्तर ठामपणे ‘होय’ असे दिले आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला, परंतु तो शोधनिबंध २०१६ मध्ये अविश्वसनीय ठरवून मागे घेण्यात आला. नेदरलँड्समध्ये सुमारे २,९०० वृद्धांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन वर्षे ही जीवनसत्त्वे देऊनही हाडे मोडण्याच्या एकूण प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे ब-१२ ची कमतरता भरून काढणे हे रक्तासाठी, मज्जातंतूंसाठी आणि त्यामुळे तोल सांभाळण्यासाठी आवश्यक आहे. पण ते हाडांचे औषध म्हणून विकणे योग्य नाही. केईएमने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालवलेल्या माता-पोषण अभ्यासातून मात्र एक वेगळाच धागा पुढे आला आहे. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फॉलेट या ब-वर्गीय जीवनसत्त्वाचे प्रमाण चांगले होते आणि ज्यांच्या खाण्यात दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार येत होते, त्यांच्या मुलांच्या हाडांची घनता वयाच्या सहाव्या वर्षी अधिक आढळली. आजीच्या खुब्याची गोष्ट पणजीच्या डोहाळ्यांपासून सुरू होते असे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही, पण त्या दिशेने बोट दाखवणारा पुरावा पुण्याच्या परिसरातूनच आला आहे.

‘के’ जीवनसत्त्वाचा शोध डेन्मार्कच्या हेन्रिक दाम यांनी रक्त गोठण्याच्या संदर्भात लावला आणि त्यासाठी त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हाडांशी त्याचा संबंध नंतर कळला. अस्थिजनक पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचे एक प्रथिन तयार करतात, आणि त्या प्रथिनाला कॅल्शियम पकडता येण्यासाठी जो रासायनिक बदल लागतो तो ‘के’शिवाय होत नाही. पालक, मेथी, चाकवत, शेपू, माठ या मंडईतील पालेभाज्यांत ते मुबलक असते, तर त्याचा दुसरा प्रकार आंबवलेल्या पदार्थांत, विशेषतः जपानमधील आंबवलेल्या सोयाबीनमध्ये आढळतो. जपानमध्ये त्याचा एक प्रकार मोठ्या मात्रेत अस्थिसुषिरतेवर औषध म्हणून दिला जातो, पण अन्य देशांतील निष्कर्ष संमिश्र आहेत. हृदयाच्या झडपेसाठी किंवा अन्य कारणाने रक्त पातळ ठेवणारी, ‘के’च्या विरोधात काम करणारी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी हाडांसाठी म्हणून ‘के’च्या गोळ्या किंवा एकाएकी भरमसाट पालेभाज्या सुरू करणे धोक्याचे ठरते.

‘क’ जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेनचे तंतू नीट विणले जात नाहीत, पण आवळा, पेरू आणि पोह्यांवर पिळलेले लिंबू असेपर्यंत त्याची फारशी चिंता नको. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत इशारा उलट्या बाजूचा आहे, कारण प्राणिज स्वरूपातील ‘अ’, म्हणजे रेटिनॉल, दीर्घकाळ गरजेपेक्षा बरेच अधिक घेतले तर हाडे मोडण्याचा धोका वाढल्याचे स्वीडन आणि अमेरिकेतील अभ्यासांत दिसले. गाजर-पपईतील रंगद्रव्यातून शरीर स्वतः तयार करते त्या ‘अ’ने असे होत नाही.

आता त्या प्रश्नाकडे वळावे लागते, जो पुण्यातील औषधांच्या दुकानांच्या फळीवर रोज दिसतो. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दुधात कालवून आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायची आणि मग महिन्याला एक, अशी पद्धत कमतरता सिद्ध झालेल्या रुग्णासाठी डॉक्टर सांगतात. परंतु चिठ्ठी जुनी होते, पुडी चालूच राहते, आणि शेजारणीच्या गुडघ्यांना बरे वाटले म्हणून दुसरीही ती सुरू करते. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजार युनिट होतात, आणि ही मात्रा महिनोन्‌महिने चालू राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, ग्लानी आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अधिक म्हणजे अधिक चांगले हा समज तपासण्यासाठी कॅनडातील कॅलगरी येथे निरोगी प्रौढांना तीन वर्षे रोज ४००, ४,००० किंवा १०,००० युनिट देऊन पाहिले, तेव्हा २०१९ च्या निष्कर्षांत अधिक मात्रा घेणाऱ्यांच्या हाडांची घनता कमी मात्रा घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाली. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले, तर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे दोन्ही वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगात रोज २,००० युनिट घेऊनही हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही, हे २०२२ मध्ये जाहीर झाले, आणि त्यावरून ‘ड’ जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारेही पुष्कळ निघाले.

तो निष्कर्ष घाईचा आहे. त्या प्रयोगातील बहुतेकांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता मुळात नव्हतीच, आणि भरलेल्या हौदात आणखी पाणी ओतून पातळी वाढत नाही हे सांगायला प्रयोग लागत नाही. याउलट फ्रान्समधील लिऑन येथे वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, क्वचितच उन्हात जाणाऱ्या ३,२७० वृद्ध स्त्रियांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ‘ड’ दिल्यावर दीड वर्षात खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले होते, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. जीवनसत्त्वांमुळे हाडांचे संरक्षण होते का, या प्रश्नाचे उत्तर ती कोणाला दिली यावर अवलंबून आहे. ऊन न मिळणारे, दूध-मासे न खाणारे आणि म्हातारपणामुळे त्वचेची ‘ड’ बनवण्याची क्षमता मंदावलेले शरीर असेल तर उत्तर होय असे आहे, आणि मूळचेच पुरेसे असेल तर नाही. कसब्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात राहणारी, वर्षातून मोजक्या वेळा जिना उतरणारी शाकाहारी वृद्धा ही लिऑनच्या त्या स्त्रियांच्या पंक्तीत बसते, अमेरिकेतील सुदृढ स्वयंसेवकांच्या नव्हे, आणि तिच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची छोटी मात्रा आणि कॅल्शियम यांचा निर्णय पाश्चात्त्य मथळे वाचून रद्द करणे अन्यायाचे होईल.

अस्थिसुषिरता पक्की झालेली असेल, म्हणजे डेक्साचा आकडा खूप खाली असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलेले असेल, तर केवळ जीवनसत्त्वांवर थांबता येत नाही. अस्थिभंजक पेशींना आवर घालणारी बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे, आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे इंजेक्शन अशा स्वरूपात, उपलब्ध आहेत आणि त्यांनी मणक्याची व खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण घटते हे सिद्ध झालेले आहे. ही औषधे देण्यापूर्वी ‘ड’ आणि कॅल्शियम यांची कमतरता भरून काढावी लागते, अन्यथा रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि कमतरता एवढी सर्रास असलेल्या शहरात हा टप्पा वगळता येणार नाही.

हाड शेवटी मोडते ते पडल्यामुळे, आणि म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाचा स्नायूंवर होणारा परिणामही दुर्लक्षिण्यासारखा नाही. तीव्र कमतरतेत मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू दुबळे होतात, बसल्या जागेवरून हाताचा टेकू दिल्याशिवाय उठता येत नाही आणि पायरी चढताना पाय उचलत नाही. हे सारे वय झाले म्हणून सोडून दिले जाते, पण कमतरता भरून निघाल्यावर पुष्कळदा सुधारते. कसब्यातील जुन्या वाड्यांचे लाकडी जिने उभे, अरुंद आणि दिवसाही अंधारे असतात, आणि त्यांत धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला जाड दोर असतो. तळहातांच्या घर्षणाने तो मधल्या भागात गुळगुळीत झालेला असतो, आणि त्याच्याच आधाराने ऐंशीच्या घरातील माणसे दिवसातून एकदा खाली उतरून गणपतीचे दर्शन घेऊन परत चढतात. अशा घरात पायऱ्यांवर पिवळ्या रंगाची पट्टी, जिन्यात एक जास्तीचा दिवा, न्हाणीघरात भिंतीला पक्का बसवलेला दांडा आणि रात्री उठल्यावर चक्कर येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांची फेरतपासणी या गोष्टी कोणत्याही जीवनसत्त्वाइतक्याच हाडांना वाचवतात. आणि तो जिना चढणे-उतरणे हाही हाडांसाठी व्यायामच असतो, कारण अंगाचा भार पडल्याशिवाय अस्थिजनक पेशींना काम मिळत नाही, आणि पडून राहिलेल्या माणसाचे हाड उत्तमातले उत्तम अन्न मिळूनही झिजत जाते. पडण्याच्या भीतीने आईला वरच बसवून ठेवणाऱ्या मुलांनी तिला दुपारी, सावली आखूड असताना, हात धरून खाली चौकात आणावे, हाच सल्ला अस्थिरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट असे तिघेही आपापल्या कारणाने देतील.